मोठ्याने बोलणारं घर

आमच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्याला सोसायटीचा वॉचमन फ्लॅटचा नंबर सांगत नाही. "तिसऱ्या मजल्यावर जा, जिथून आवाज येईल तिथली बेल वाजवा," एवढंच सांगतो. तक्रार करायला जागा नाही, कारण ते खरं आहे. आमच्याकडे आमटीत मीठ जास्त पडलं की खाली पार्किंगमध्ये कळतं. मुलीला गणितात किती मार्क पडले हे समोरच्या काकूंना तिच्या बापाच्या आधी कळलेलं असतं. आम्ही भांडत नाही, बरं का. आम्ही बोलतो.

मी मूळची अशी नव्हते. माझं माहेर तळेगाव दाभाड्याचं. आई-वडील दोघं शिक्षक. दुपारी स्वयंपाकघरात पळी पडली तरी आई स्वतःच्याच ओठांवर बोट ठेवायची. आमच्याकडे रागावणंसुद्धा खालच्या आवाजात चालायचं. वडील जितके जास्त चिडत तितका त्यांचा आवाज उतरत जायचा, आणि अगदीच ऐकू येईनासा झाला की आम्ही भावंडं टरकायचो.

लग्न होऊन मोशीला आले आणि दुसऱ्याच सकाळी मला जाग आली ती आरडाओरड्याने. बाहेरच्या खोलीत सासरे आणि नवरा एकमेकांवर गरजत होते. आल्या आल्या घर फुटलं, लोक आता नव्या सुनेचा पायगुण काढणार, असं मनात घेऊन मी दाराआडून पाहिलं. विषय होता दुधाची पिशवी आली की नाही. दोघांचेही चेहरे हसरे होते. पिशवी आलेली होती.

सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. मूळ निघोज्याचे, शेतकरी घरातले. तरुणपणीच पिंपरीतल्या एका कंपनीत लागले आणि तिथल्या प्रेस शॉपमधूनच निवृत्त झाले. प्रेस म्हणजे पत्र्याला दाबून आकार देणारं मशीन, घराएवढं. खाली साचा, त्याला डाय म्हणतात. वर पत्रा ठेवायचा, वरून लोखंडाचं धूड खाली येणार, धाड्, आणि गाडीचा दरवाजा तयार. मग पुढचा पत्रा. आठ तासांची शिफ्ट, वर ओव्हरटाइम. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, म्हणून घरात ही दोन माणसं आणि मी. आबांना ऐकू कमी येत होतं, म्हणून ते मोठ्याने बोलत. त्यांना ऐकू जावं म्हणून नवरा मोठ्याने बोलायचा. नवऱ्याला सवयच लागलेली, म्हणून तो माझ्याशीही तसाच बोलायचा. "साखर दे" हे वाक्य त्या घरात कुणी साधं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

वर्षभरात माझीही गाडी त्याच गिअरमध्ये पडली. हिंजवडीच्या ऑफिसात मी कॉलवर असले की आजूबाजूचे लोक हेडफोन चढवायचे. एकदा माझ्या टीममधली नवी मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, माझं काही चुकलं का?" मी तिला जेवलीस का एवढंच विचारलं होतं. माहेरी गेले तर आई म्हणाली, "अगं, मी शेजारीच बसलेय. तळेगावातून मोशीशी बोलतेयस का?" आणि मग वडिलांकडे बघून तिने आपल्या त्या मुलायम आवाजात घातलंच, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला."

नवऱ्याला ही म्हण मान्य नव्हती. त्याचा सगळा भरवसा वाणावर. "आमच्या रक्तातच आहे ते," तो छाती फुगवून सांगायचा. "निघोज्याच्या मातीतली माणसं आम्ही. खाण तशी माती."

"मग माझ्यात कुठून आलं? मला काय तुमचं रक्त चढवलं होतं?" मी विचारायची.

यावर तो आणखी मोठ्याने तेच सांगायचा. माझ्या मते प्रश्न सुटलेला होता. दोष प्रेसचा. प्रेसने आबांचे कान खाल्ले आणि त्या कानांपायी बाकीच्यांचे घसे मोठे झाले. रक्ताबिक्ताचा संबंधच नाही.

आबांच्या कानांची कथा त्यांच्याच तोंडून अनेकदा ऐकलेली. कंपनी कानात घालायला बोळे द्यायची. आबांनी ते कधीच घातले नाहीत. शर्टाच्या खिशात ठेवायचे, आणि साहेब दिसला की तेवढ्यापुरते कानाला लावायचे. "प्रेस बोलती माणसाशी," ते सांगत. "डाय खराब व्हायच्या आधी तिचा आवाज बदलतो. बोळं घातल्यावर मला कसं कळणार? मला कळतं म्हनून तर मला मोठ्या प्रेसवर ठिवलेलं." त्यांचा तिथे मान होता, हे खरं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी भाजी मंडईत एखादा जुना कामगार भेटला की "राव, तुमच्या कानाला तोड न्हवती" असं म्हणतो. आबांना ते ऐकू येत नाही. मग तो पुन्हा ओरडून सांगतो. मग आबा खूश होतात.

नवऱ्याने त्यांच्यासाठी कानाचं मशीन आणलं होतं. ते डबीतून बाहेर निघालं नाही. देवघराच्या खालच्या फळीवर, वातींच्या पुड्याशेजारी ती डबी पडून होती. "मला समदं ऐकू येतंय," आबा म्हणत. "तुमीच तोंडातल्या तोंडात बोलता."

या घरात हळू बोलणारं एकच माणूस मी पाहिलं, आणि ते या घरात राहत नव्हतं. आबांची थोरली बहीण. ते तिला आक्का म्हणत, आम्ही आत्याबाई. त्यांना निघोज्यातच दिलेली. सणावाराला गावी गेलो की भेट व्हायची. नऊवारीतली ताठ, देखणी बाई. फारशी बोलायचीच नाही. गावात त्यांना शिष्ट म्हणत. हाक मारली तर ओ देत नाहीत, विचारलं तर भलतंच उत्तर देतात, नाहीतर नुसत्या हसतात. मी बोलत असले की त्या एकटक माझ्या तोंडाकडे बघायच्या. मला वाटायचं, लिपस्टिक खटकतेय. म्हणून निघोज्याला जाताना मी ती पुसून जायची.

या बहीणभावांचं फारसं पटत नव्हतं. कधीकाळी गावच्या जत्रेत आबांनी चारचौघांत आक्काला हाक मारली आणि ती वळूनसुद्धा न बघता पुढे गेली, ते आबांना लागलं होतं. भाऊबीजेला जायचे, ती ओवाळायची, हे ताटात ओवाळणी घालायचे, आणि दोघं दोन दिशांना बघत बसायचे. एकदा मी एकटीच चुलीपाशी बसले होते तेव्हा आत्याबाई त्यांच्या त्या अगदी खालच्या, जरा घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "तुजा सासरा लई मोठा झाला गं कंपनीत जाऊन. बहीण बोलती, तर हूं न्हाई का चूं न्हाई." मी काय बोलणार? घरोघरी मातीच्या चुली म्हणून सोडून दिलं. पुढे त्या गेल्या. आबा दिवसभर त्यांच्या अंगणात बसून राहिले आणि घरी आल्यावर कुणाशीही काही बोलले नाहीत. आमच्या घरात तेवढा एक दिवस शांतता होती.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे माझी लेक. ती रडतच जन्माला आली, पण कशी! नर्स म्हणाली होती, "हिला कुणाचं काय ऐकून घ्यायचं नाहीये." मी आणि नवरा कामावर, त्यामुळे ती वाढली आबांच्या मांडीवर. पहिला शब्द तिने उच्चारला नाही, ठोकला. आबांशी बोलायचं तर कसं बोलायचं हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. समोर उभं राहायचं, हनुवटी वर करायची आणि मोठ्याने, तोडून तोडून बोलायचं. आबांना घरात सगळ्यात नीट कळायचं ते तिचंच. पुढे शाळेच्या बाईंनी प्रगतिपुस्तकात "आवाज खणखणीत" असं लिहिलं, तेव्हा नवरा म्हणाला, "बघ, रक्त." मी म्हटलं, "बघ, आबांची मांडी." हा वाद आमच्या संसाराचा भाग होता. मीठ-मिरचीसारखा. कुणालाच तो संपवायचा नव्हता.

अकरावीला गेली आणि पोरगी ढोलपथकात शिरली. आमच्या भागात गणपतीच्या आधी दोन-तीन महिने संध्याकाळी कुठल्याही मोकळ्या मैदानावर जा, एखाद्या पथकाचा सराव चाललेला असतोच. ढोल कंबरेला बांधायचा. एका हातात टिपरू, म्हणजे बडवायची काठी, आणि दुसऱ्या हाताने थाप. पुढे ताशेवाले. ताशाने इशारा दिला की सगळ्या ढोलांनी एकदम ताल बदलायचा. पहिल्याच वर्षी तिला पुढच्या ओळीत घेतलं. मी बघायला गेले होते. माझ्या छातीत त्या थापा बसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. एवढी सुंदर मी तिला कधी पाहिली नव्हती. घामाने निथळलेली, केस मागे घट्ट बांधलेले, आणि चेहऱ्यावर असा आनंद की वाटलं, हिला आता आयुष्यात काही नाही मिळालं तरी चालेल.

दुसऱ्या वर्षी सराव सुरू झाला त्याच सुमारास नवऱ्याच्या कंपनीत सगळ्यांची आरोग्य तपासणी झाली. तो चाकणला स्टोअरमध्ये आहे. शॉप फ्लोअरवर दिवसातून एखादी चक्कर, बाकी काम टेबलावर. तपासणीत त्याचे कान उतरलेले निघाले. फार नाही, पण त्याच्या वयाला नसावेत इतके. कंपनीच्या डॉक्टरांनी कानांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, आणि मी बरोबर गेले, कारण तो तिथे "काही नाही, सगळं ठीक आहे" एवढंच सांगून परत आला असता.

चिंचवडच्या त्या डॉक्टरबाई शांत होत्या. तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला?"

"वडिलांना. पण ते प्रेस शॉपमध्ये होते," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजाने बाहेरचे पेशंट आत डोकावले.

"तुम्ही प्रेसवर काम करता?"

"नाही. मी टेबलावर."

"मग कंपनीची पायरी न चढलेलं, पण कमी ऐकू येणारं असं घराण्यात कुणी?"

"नाही, कुणीच नाही," नवरा म्हणाला.

आणि माझ्या डोळ्यांसमोर आत्याबाई उभ्या राहिल्या. माझ्या तोंडाकडे एकटक बघणाऱ्या. हाकेला ओ न देणाऱ्या, भलतंच उत्तर देणाऱ्या, आणि काही कळलं नाही की हसणाऱ्या. "आहे," मी म्हणाले. "होत्या."

मी सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे छातीठोकपणे नाही सांगणार. पण काही घराण्यांत कान नाजूकच येतात. असे कान घेऊन माणूस शांत ठिकाणी राहिलं तर ते हळूहळू जातात, कुणाच्या लक्षातही येत नाही. मोठ्या आवाजात राहिलं तर लवकर जातात. जन्मतः काय मिळालं आणि पुढे त्याचं काय झालं, दोन्ही मिळून ठरतं."

मला आधी हसूच आलं. इतकी वर्षं मी आणि नवरा ज्याच्यावरून भांडलो त्या भांडणात दोघंही निम्मे निम्मे बरोबर निघालो होतो. एकाच आईची दोन लेकरं, एकाच जातीचे कान. एक प्रेसजवळ गेलं आणि ओरडं झालं. एक गावात राहिलं आणि मुकं झालं. एकाला लोकांनी दिलदार म्हटलं आणि दुसरीला शिष्ट.

मग डॉक्टरबाईंनी विचारलं, "मुलं?" आणि माझं हसू पळालं.

लेकीला दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. तिचे कान आज तरी उत्तम होते. पण ढोलपथक हे शब्द ऐकताच डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. तिला हे कान मिळालेच असतील असं नाही, म्हणाल्या, पण मिळाले असतील तर ते कळेपर्यंत उशीर झालेला असेल. कानात बोळे घालून वाजवायला हरकत नाही. बोळ्यांशिवाय नको, एक दिवससुद्धा नको.

साधी गोष्ट होती. नवऱ्याने कंपनीतून चांगले बोळे आणले, दोरी लावलेले, नारिंगी. लेकीने सरावाला घातले. आणि घरी आली ती टिपरू सोफ्यावर फेकूनच. ताशाचा इशारा तिला नीट ऐकू आला नव्हता. सगळ्यांनी ताल बदलला आणि ही एकटी जुन्याच तालावर वाजवत राहिली. पथक चालवणाऱ्या दादाने तिला मागच्या ओळीत पाठवलं.

"मी नाही घालणार बोळे," ती म्हणाली.

"मग ढोल बंद," मी म्हणाले.

"आई, ताशा ऐकू आल्याशिवाय वाजवणार कसं? तुला नाही कळत त्यातलं. मला कळतं!"

मला कळतं. तीच हनुवटी, तोच सूर. जणू आबाच प्रेसजवळ उभे होते, खिशात बोळे घालून. माझा पारा चढला, पण खरं सांगते, रागापेक्षा भीतीच जास्त होती. हट्ट कुठून आला याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. रक्तातून येवो नाहीतर मांडीवरून, तो माझ्या पोरीचे कान घेऊन जाणार होता. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला चाळिशीतल्या कानांची काय किंमत? आणि ढोल बंद केला तर मैदानावरचा तिचा तो चेहरा मीच पुसणार होते. दोन्हीकडून मरण माझंच.

तो आठवडा आम्ही घर डोक्यावर घेतलं. वॉचमननेही एकदा वर येऊन सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं, म्हणजे बघा.

एवढ्या गदारोळात आबांना भांडण कळत होतं, विषय कळत नव्हता. एका संध्याकाळी त्यांनी नातीला समोर बसवलं. "काय झालंय? मला सांग." ती नेहमीसारखी हनुवटी वर करून सांगू लागली. मी तिला डोळ्यांनी खुणावत होते, आबांना लागेल असं काही बोलू नकोस. पण ती माझं कधी ऐकते? "आबा, तुमचे कान प्रेसने गेले नाहीत नुसते! ते आधीपासूनच नाजूक होते! बाबांचेपण तसेच आहेत! आत्याआजीचेपण तसेच होते!"

आबांनी हात वर केला. "कुनाचे?"

"आत्याआजीचे! तिलापण ऐकू येत नव्हतं!"

आबांनी हात हळूहळू खाली घेतला. मग आपल्याशीच बोलावं तसे म्हणाले, "म्हंजे जत्रंत तिनं ऐकलंच न्हवतं व्हय." त्यांचं आपल्याशी बोलणंही आम्हा सगळ्यांना ऐकू जातं. "आन् ती वटीवर बसून बोलायची ते मला येत न्हवतं ऐकू. आमी दोघंबी बहिरे, आन् दोघंबी रुसून बसलो."

नवरा उठून गॅलरीत गेला. अशा वेळी ओरडून सांत्वन करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा चपला घालून दारात उभे. "चल, मला तुजा ढोल दाव," म्हणाले. मी दोघांना गाडीवर घालून मैदानावर नेलं. सराव सुरू व्हायचा होता. पोरंपोरी ढोलांचे दोर कसत होती. लेकीने ढोल कंबरेला बांधला. आबांनी तिच्यासमोर तळहात पुढे केला. "बोळं कुठायत?"

तिने तोंड वाकडं करून खिशातून नारिंगी बोळे काढले. खिशातूनच.

आबांनी ते उलटसुलट करून बघितले. मग बोलू लागले आणि अर्धं मैदान ऐकू लागलं. "मी समद्यांना सांगत आलो, मला प्रेस कानानं कळती. खरं हाय का ते? माजे कान गेले तरी मी पुढं कैक वर्सं त्याच प्रेसवर व्हतो. डाय बिघडलेली मला तवाबी कळायची. कशानं? पायानं. जमीन हादरती न्हवं, तिच्यातनं कळायचं. हाताला कळायचं. कान गेल्यावरबी चाललंच की समदं. म्हंजे बोळं घातलं असतं तरी चाललं असतं."

एवढं बोलून ते थांबले. मी त्यांना कधी आपली चूक कबूल करताना पाहिलं नव्हतं. त्यांच्या मानाची, मंडईत मिळणाऱ्या त्या कौतुकाची सगळी इमारत त्यांनी भर मैदानात स्वतःच पाडली होती, एका पोरीच्या कानांसाठी.

"ढोल पोटाला बांधलाय न्हवं? मंग पोटानं ऐक. आन् ताशेवाल्याच्या मनगटाकडं बघ."

लेक तरीही अडून बसली. घरचीच ना. "मग तुम्ही का नाही घालत मशीन? तुम्हीपण घाला!"

"मला काय करायचंय आता ऐकून?"

"मला काय करायचंय बोळे घालून!"

मग आबा म्हणाले, आणि त्यांनी आवाज खाली आणायचा प्रयत्न केला हे मला दिसलं, "पोरी, तुजा आवाज कसा हाय ते मला ठाव न्हाई."

"रोज तर बोलते तुमच्याशी!"

"ते वरडणं झालं. तू माज्यासाटी वरडतीस. तुजा आवाज न्हाई मी कधी ऐकला."

तिने ढोलाचा दोर उगाच एकदा कसला. मग तिने आबांच्या हातातून बोळे घेतले, एकेक करून कानात बसवले आणि बोट रोखून म्हणाली, "उद्या मशीन!" आबांनी मान डोलावली.

त्या दिवशी ती मागच्याच ओळीत होती. दोनदा चुकली. तिसऱ्यांदाही चुकली असेल, मला ताल कळत नाही. पण तिचे डोळे ताशेवाल्याच्या मनगटावर खिळलेले होते. पुढे गणपतीच्या आधी ती पुन्हा पुढच्या ओळीत आली, आणि तिचं बघून आणखी काही पोरींनी बोळे घातले. दादाने आधी नाक मुरडलं, नंतर त्यानेही घातले.

आबांनी शब्द पाळला. डबी उघडली, तर मशीन जुनं झालेलं. पुन्हा चिंचवडला जाऊन नवं बसवून आणलं. घरी येऊन ते खुर्चीत बसले आणि आम्ही तिघं सभोवती उभे राहिलो.

"आबा! ऐकू येतंय का!" नवरा म्हणाला.

"नीट बसलंय का कानात!" मी म्हणाले.

आबा दचकले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. "अरं, हळू बोला की! मी काय बहिरा हाय का?"

आम्ही हसून हसून सोफ्यावर पडलो. पण खरी पंचाईत पुढेच होती. आम्हाला हळू बोलताच येईना. मी तळेगावची, मला तरी कधीकाळी येत होतं, पण तीही सवय गेलेली. नवऱ्याने प्रयत्न केला तर त्याच्या घशातून नुसती फुसफुस निघाली. जेवताना आम्ही हातवारे करून भाजी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यापाशी होते. आबा पेपर वाचत बसले होते. लेक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, सवयीने हनुवटी वर केली, मग आठवण होऊन खाली घेतली. आणि सांभाळून, पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं न्यावं तशी म्हणाली, "आबा, चहा घेणार का?"

तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. खालचा, जरा घोगरा. माझ्या हातातली सांडशी तशीच राहिली. नवरा दाढी करता करता अर्ध्या फेसासकट बाहेर आला.

आबांनी पेपर खाली केला, पण उत्तर दिलं नाही. मशीन बंद पडलं असं वाटून लेकीने छाती भरून श्वास घेतला, आता ओरडणार तेवढ्यात आबांनी हात वर केला.

"थांब. वरडू नगं. तसंच बोल." त्यांचे डोळे भरून आले होते. "आक्का बोलायची तसं. आमी ल्हान व्हतो, माजे कान चांगले व्हते, तवा आक्का मला अशीच उठवायची."

खरंच तसा होता का तो आवाज? आत्याबाई माझ्याशी किती बोलल्या होत्या म्हणून मी सांगणार? चुलीपाशी ऐकलेलं ते एक वाक्य मी आठवून पाहिलं आणि मला होय वाटलं. रक्तातून आला असेल तर इतकी वर्षं तो आमच्याच घरात होता, आम्हीच ओरडून त्याला दाबून ठेवलं होतं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला "बघ, रक्त" म्हणायचं होतं हे मला दिसत होतं, पण तो म्हणाला नाही.

पातेल्यातला चहा उतू जायला आला होता. मी गॅस बारीक केला. लेक आबांच्या खुर्चीजवळ खाली बसली आणि पुन्हा, तशीच हळू, म्हणाली, "आबा, चहा घेणार का?"

"आजून एकदा इचार," आबा म्हणाले.